जुन्या बंगल्यामागे एडीयू बांधताय? आधी फुटपाथवर जाऊन उभे राहा

आई-बाबा सहा-सहा महिने राहायला येणार म्हणून कॅलिफोर्नियात बरेच जण मागच्या अंगणात एडीयू (accessory dwelling unit, म्हणजे मुख्य घराच्याच आवारातलं छोटं स्वतंत्र घर) बांधतात. पण घर पासाडेनातल्या बंगलो हेवनसारख्या जुन्या वस्तीत असेल (1989 पासून लँडमार्क डिस्ट्रिक्ट, म्हणजे वारसा म्हणून जपलेली वस्ती आहे ती) तर कॅटलॉगमधला पांढरा डबा आणून ठेवला की सगळ्या गल्लीची शोभा जाते.

आधी कायदा, पटकन. 800 स्क्वेअर फूट, 16 फूट उंची, बाजूला आणि मागे 4 फूट जागा सोडलेली, एवढ्याला सिटीला साधारण परवानगी द्यावीच लागते, आणि अर्ज पूर्ण असेल तर 60 दिवसांत उत्तर. प्रॉपर्टी स्टेटच्या हिस्टॉरिक रजिस्टरवर असेल तर मात्र सिटी डिझाइनचे नियम लावू शकते, तेवढे लेखी मागून घ्या. एरिया 750 च्या आत ठेवलात तर इम्पॅक्ट फी (नव्या बांधकामाचा सार्वजनिक सोयींवर पडणाऱ्या ताणापोटी घेतात ती) वाचते.

आता खरं काम. अंगणात जिथे आढं येणार, म्हणजे छपराचा सगळ्यात उंच भाग, तिथे दोन लांब पट्ट्या उभ्या करून दोरी बांधा आणि रस्त्यापलीकडच्या फुटपाथवरून बघा. दोरी मुख्य घराच्या छपरावरून डोकावत असेल तर उंची कमी करा किंवा एडीयू अजून मागे सरकवा, बाकी सगळं नंतर.

अशा वस्तीतल्या जुन्या क्राफ्ट्समन शैलीच्या बंगल्याचा जीव छपरात असतो. उतार कमी, छप्पर भिंतीबाहेर भरपूर आलेलं, खालून वाशांची टोकं दिसतात. तुमच्या घराचा उतार मोजून तोच द्या, पण इथे एक गोची आहे: घरात आग विझवणारे स्प्रिंकलर नसतील आणि भिंत हद्दीपासून 5 फुटांच्या आत आली तर ती फायर-रेटेड (आग ठरावीक वेळ रोखणारी) लागते, आणि बाहेर आलेल्या छपरावरही बंधनं येतात, म्हणजे 4 फुटांवर भिंत घेऊन वर ऐसपैस छप्पर असं जमत नाही. जागा असेल तर भिंतच आत घ्या ना, कापलेलं छप्पर फार बोडकं दिसतं.

हुबेहूब नक्कल पण नको. जुन्या वास्तूंच्या कामासाठीचे फेडरल स्टँडर्डसुद्धा हेच सांगतात, नवं काम जुन्याशी जुळावं पण वेगळं ओळखू यावं. म्हणून खिडक्या उभ्या प्रमाणातल्या, बाहेरच्या भिंतींवरच्या फळ्यांची रुंदी मूळ घराइतकी, आणि छपराखालचे खोटे ब्रॅकेट, रंगीत काचा वगैरे सोडून द्या. फायबर सिमेंटच्या फळ्या घेणार असाल तर प्लेन घ्या, लाकडाच्या खोट्या रेषा छापलेल्या अजिबात नकोत, रंगवलेल्या जुन्या लाकडावर असल्या रेषा कुठे दिसतात?

मागे जुनं गॅरेज असेल तर माझं मत, आधी तेच बघा. त्याच जागेवर रूपांतर केलं तर नवीन सेटबॅक (हद्दीपासून सोडायची जागा) लागत नाही आणि गेलेल्या पार्किंगच्या बदल्यात दुसरं पार्किंगही द्यावं लागत नाही. फक्त जमिनीच्या स्लॅबची ओल आणि आतली उंची तपासा, राहत्या खोलीला साधारण 7 फूट लागते.

एसीचं बाहेरचं युनिट, मीटर मागच्या बाजूला घ्या. किचनच्या एक्झॉस्टचा पाइपसुद्धा छपराच्या मागच्या उतारावरून काढा, आणि फॅन मजबूत सीएफएमचा (सीएफएम म्हणजे तो मिनिटाला किती हवा खेचतो त्याचं माप) घ्या, आईच्या फोडणीपुढे हलका फॅन टिकत नाही.