फायरफॉक्सचं स्थळ सुचवताय? या चुका टाळा

आत्याचा फोन दुपारी अडीचला आला. ही तिची झोपायची वेळ, म्हणजे भानगड मोठी होती. "आरं, माझं इंटरनेट कुठं ठेवलंस तू?"

आदल्या रविवारी हरिपूरला तिच्याकडं जेवायला गेलो होतो. ती भाकरी थापत होती तेवढ्यात मी तिच्या लॅपटॉपवर फायरफॉक्स टाकला, तोच मुख्य ब्राउझर केला, जुन्या ब्राउझरचं चिन्ह डेस्कटॉपवरून उडवलं आणि मोठं पुण्य पदरी पडल्यासारखा घरी आलो. तिच्या लेखी त्या उडवलेल्या चिन्हाचंच नाव इंटरनेट होतं.

जून २००८ मध्ये फायरफॉक्स ३ आला, तेव्हा एका दिवसात ८० लाखांहून जास्त डाउनलोड होऊन गिनेसचा विक्रम झाला. त्यातले दोन माझे, विश्रामबागेतल्या एका सायबर कॅफेतले. तेव्हापासून मी या ब्राउझरचा भक्त आहे. सांगलीत, मिरजेत, पाहुण्यारावळ्यांत मिळून किती कॉम्प्युटरांवर तो घातला ते सांगता येणार नाही. किती ठिकाणी टिकला ते सांगता येईल, पण तो आकडा मिरवण्यासारखा नाही. बऱ्याच ठिकाणी मुलगा चांगला होता, मध्यस्थच कच्चा निघाला. स्थळ सुचवून अक्षता टाकल्या की आपलं काम संपलं, असं मी कित्येक वर्षं समजत होतो.

न विचारता गळ्यात बांधू नका

आत्याच्या बाबतीत माझं काय चुकलं ते उघड आहे. तिच्यासमोर बसून करायला हवं होतं. फायरफॉक्सच्या सेटिंग्जमध्ये दुसऱ्या ब्राउझरमधल्या वाचनखुणा (बुकमार्क्स), पासवर्ड आणि इतिहास आणायची सोय आहे. ते आधी आणायचं, मग ती रोज उघडते त्या चार-पाच साइट्स तिच्याच हातानं उघडून बघायच्या. गॅसचं बुकिंग, वीजबिल, बँक आणि नातवाच्या शाळेची फी भरून झाली की जिंकलं. आणि जुनं चिन्ह राहू द्यायचं. निदान महिनाभर. माणूस परत तिकडं गेला तरी त्याला टोकायचं नाही.

इथंच एक जोडचूक. मराठीच्या प्रेमापोटी मी तिच्या फायरफॉक्सची भाषा मराठी केली होती. स्वयंसेवकांनी केलेला हा मराठी अनुवाद चांगला आहे, ‘वाचनखूण’ हा शब्द तर मला फार आवडतो. पण माझा स्वतःचा फायरफॉक्स इंग्रजीत. फोनवर मी सांगतोय, "हेल्प वर क्लिक कर," आणि ती म्हणतेय, "हेल्प-बिल्प काय नाही इथं." वीस मिनिटं गेली. दुसऱ्याला मराठीत लावून देणार असाल तर आपलाही मराठीत करा, म्हणजे मेनूतला कितवा शब्द कुठला ते तोंडपाठ राहतं.

‘साइटच खराब आहे’ म्हणून फोन ठेवू नका

ही भक्तांची सगळ्यात लाडकी चूक. समोरचा म्हणतो, अमुक साइट चालत नाही. आपण म्हणतो, त्यांनी एकाच ब्राउझरसाठी बांधलीय, दोष त्यांचा. कित्येकदा ते खरंही असतं. पण त्या माणसाला आज संध्याकाळी पाचच्या आत फॉर्म भरायचा असतो. तो तुमचं प्रवचन ऐकून घेतो, फोन ठेवतो आणि दुसरा ब्राउझर उघडतो, कायमचा.

अनुभवानं माझा एक क्रम ठरलाय. पहिला प्रश्न: पान उघडतच नाही, की उघडतं पण बटण दाबल्यावर काही होत नाही? बटण दाबून काही होत नसेल तर पत्त्याच्या पट्टीखाली एखादी बारीक पट्टी आलीय का ते विचारा. पैसे भरल्यावर पावती नव्या खिडकीत उघडणाऱ्या साइट्स खूप आहेत आणि फायरफॉक्स तसली खिडकी अडवून वर पट्टी दाखवतो. लोक ती पट्टी बघत नाहीत, "पैसे गेले, पावती नाही" म्हणून घाबरून पुन्हा पैसे भरतात. त्या पट्टीवरून परवानगी दिली की काम झालं.

दुसरं, पत्त्याच्या डाव्या बाजूची ढाल. माग काढणाऱ्या गोष्टी अडवण्याचं काम फायरफॉक्स २०१९ पासून आपणहून करतो, आणि जून २०२२ पासून प्रत्येक साइटच्या कुकीज (साइटनं आपल्या कॉम्प्युटरवर ठेवलेल्या छोट्या नोंदी) वेगवेगळ्या डब्यात ठेवतो. म्हणजे लोणच्याचा चमचा साखरेत जात नाही. हे फार चांगलं आहे, पण एका साइटवरून लॉगिन करून दुसरीवर जायचं असेल तर अशा वेळी काहीतरी अडकू शकतं. ढालीवर क्लिक करून फक्त त्या साइटपुरतं संरक्षण बंद करता येतं. सगळ्या साइट्ससाठी बंद करू नका, घाईत मी स्वतः ते केलंय. आणि दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर संरक्षण ‘कडक’वर ठेवून येऊ नका. साइट्स मोडू शकतात असं त्या पर्यायाखाली फायरफॉक्स स्वतःच लिहितो, आपण ते वाचत नाही एवढंच.

तरीही अडलं तर कंट्रोल, शिफ्ट आणि आर एकदम दाबून पान ताजं घ्यायचं. मग कुलपाच्या चिन्हावरून त्या एकाच साइटच्या कुकीज काढायच्या. मग मदत मेनूतला ट्रबलशूट मोड. त्यात सगळी एक्स्टेंशन्स, म्हणजे ब्राउझरला वरून जोडलेले छोटे प्रोग्राम, तात्पुरती झोपतात. तिथं साइट चालली तर गुन्हेगार एक्स्टेंशन आहे, म्हणजे बहुतेक वेळा तुम्हीच घातलेलं. एकेक बंद करून बघायचं.

‘रिफ्रेश’ (पान नव्हे, अख्खा फायरफॉक्स नव्यासारखा करणं) हा शेवटचा उपाय. त्यात वाचनखुणा आणि पासवर्ड राहतात, एक्स्टेंशन्स आणि बदललेल्या सेटिंग्ज जातात. लोक मात्र पहिल्या मिनिटाला फायरफॉक्स काढून पुन्हा टाकतात. त्यानं काही सुटत नाही, कारण प्रोफाइल, म्हणजे तुमच्या वाचनखुणा, पासवर्ड आणि सेटिंग्ज ठेवलेलं फोल्डर, जागेवरच राहतं, सोबत बिघाडही. उलट कधीकधी नव्यानं टाकल्यावर नवं कोरं प्रोफाइल तयार होतं आणि "माझ्या सगळ्या वाचनखुणा गेल्या" अशी रडारड होते. गेलेल्या नसतात. पत्त्याच्या पट्टीत ‘अबाउट’, मग कोलन, मग ‘प्रोफाइल्स’ असं इंग्रजीत लिहिलं की जुनं प्रोफाइल तिथं निमूट बसलेलं सापडतं.

आणि दोष खरंच साइटचा असेल तर? मेनूत बिघडलेली साइट कळवायची सोय आहे, ती वापरा. प्रवचनापेक्षा तिचा उपयोग जास्त.

आपली हौस दुसऱ्याच्या प्रोफाइलवर भागवू नका

माझ्या हातून झालेल्या चुकांतली ही सगळ्यात महागडी. शेजारच्या काकूंच्या मुलीचा लॅपटॉप हातात आला. जाहिराती अडवायला साधं ‘यूब्लॉक ओरिजिन’ पुरेसं होतं. मी आणखी एक जाहिरात-रोधक घातला (दोन वॉचमन ठेवले की दोघंही एकमेकांवर ढकलून झोपतात, तसं), वर चार एक्स्टेंशन्स घातली आणि ‘अबाउट-कॉन्फिग’ या आतल्या सेटिंग्जच्या पानात शिरून कॉम्प्युटरचा बोटठसा, म्हणजे साइटला तो ओळखता येतो त्या खुणा, लपवणारी सेटिंग चालू केली. ओळख लपवण्यासाठीचा टॉर ब्राउझर फायरफॉक्सवरच उभा आहे आणि ती सेटिंग तिथून आलेली. छाती फुगली होती.

पंधरा दिवसांनी पोरगी रडकुंडीला. स्पर्धा परीक्षेच्या फॉर्मवर फोटो कापून लावायचा होता आणि तिचा चेहरा जाऊन तिथं रंगीत उभ्या रेघा येत होत्या. तिनं तीन वेळा स्टुडिओत जाऊन फोटो काढला. स्टुडिओवाला म्हणाला, कॅमेरा बरोबर आहे, तुमच्या कॉम्प्युटरला व्हायरस लागलाय. शिवाय एका ऑनलाइन क्लासची वेळ तिला साडेपाच तास मागं दिसत होती, तो बुडाला.

व्हायरस म्हणजे मीच. ती सेटिंग साइटला चित्राचा खरा मजकूर वाचू देत नाही, गोंगाट देते. पानावरच फोटो कापणाऱ्या साइटला म्हणून रेघा मिळतात. आणि भारतीय वेळेऐवजी ती जागतिक प्रमाणवेळ सांगते, त्यातून साडेपाच तासांचा घोळ. दोन्ही गोष्टी त्या सेटिंगनं ठरल्याप्रमाणं केल्या होत्या. स्टुडिओचे पैसे मी दिले, काकूंनी ते ठेवूनही घेतले.

असले प्रयोग आपल्या मशीनवर करावेत, तेही वेगळ्या प्रोफाइलमध्ये. दुसऱ्याकडं जे बदलाल ते कागदावर लिहून ठेवा. सहा महिन्यांनी आठवत नाही.

सहीचं टोकन

गणपती पेठेतल्या एका कर सल्लागारांकडं मी दोन दिवस घालवलेत, म्हणून थोडक्यात सांगतो. डिजिटल सहीचं यूएसबी टोकन चालवायला बरीच पोर्टल्स कॉम्प्युटरवर एक छोटा प्रोग्राम टाकायला लावतात. त्याचं प्रमाणपत्र विंडोजला मान्य असतं, पण कुणावर विश्वास ठेवायचा याची फायरफॉक्सची यादी स्वतःची, वेगळी आहे. सुरक्षेच्या सेटिंग्जमध्ये प्रमाणपत्रांखाली, तुम्ही कॉम्प्युटरवर बसवलेली प्रमाणपत्रं आपोआप मानायचा पर्याय आहे. तो चालू आहे का बघा. तरीही सही होत नसेल तर त्या एका कामासाठी दुसरा ब्राउझर ठेवा आणि तसं स्पष्ट सांगा. रिटर्नच्या शेवटच्या दिवशी तत्त्वं शिकवायला गेलात तर चहासुद्धा मिळणार नाही.

सिंक म्हणजे तिजोरी नव्हे

सिंक म्हणजे वाचनखुणा, पासवर्ड वगैरे फायरफॉक्सच्या खात्यातून सगळ्या उपकरणांवर सारखं ठेवायची सोय. आता ऑगस्ट २०१९ चा महापूर. मारुती चौकाजवळच्या एका मित्राचं दुकान छतापर्यंत गेलं, कॉम्प्युटरसकट. मी त्याला उगाच धीर देत होतो, "अरे, तुझं सिंक चालू आहे, सगळं परत येईल." विश्रामबागेत माझ्या घरी बसून लॉगिन करायला गेलो. खात्याचा पासवर्ड? तो फायरफॉक्सनंच लक्षात ठेवलेला, आणि तो फायरफॉक्स कृष्णेच्या पाण्यात. मी बिनधास्त म्हटलं, पासवर्ड बदलून घे. बदलला. यादी रिकामी.

सिंकचा डेटा खात्याच्या पासवर्डपासून बनलेल्या किल्लीनं कुलूपबंद असतो. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलालासुद्धा तो वाचता येत नाही, म्हणूनच मी त्याची वाखाणणी करत फिरायचो. पण त्याची दुसरी बाजू ही, की पासवर्ड विसरून नवा केला आणि हाताशी रिकव्हरी की (आधीच बनवून ठेवायची सुटकेची किल्ली) नसली, तर सर्व्हरवरचा जुना डेटा गेला. ती की त्यानं बनवली होती. फाइल त्याच कॉम्प्युटरवर.

म्हणून कुणाचं सिंक लावून दिलंत तर त्याच दिवशी रिकव्हरी की छापा आणि रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा, वरच्या मजल्यावर. फोनही जोडा. लॅपटॉप गेला तरी फोनमध्ये प्रत उरते. आणि एका ठिकाणी पुसलेलं सगळीकडं पुसलं जातं, तेव्हा महिन्या-दोन महिन्यांनी वाचनखुणांची फाइल वेगळी काढून पेनड्राइव्हवर ठेवायची. मित्र अजून बोलतो माझ्याशी. कॉम्प्युटरबद्दल मात्र दुसऱ्याला विचारतो.

खोटी स्तुती

"प्रायव्हेट विंडोत काही केलं तरी कुणाला कळत नाही" हे मी कट्ट्यावर छातीठोकपणे सांगितलंय. चूक. त्या खिडकीचा इतिहास त्या कॉम्प्युटरवर राहत नाही, एवढंच. तुमच्या नेट कंपनीला आणि ऑफिसच्या नेटवर्कला तुम्ही कुठल्या साइटवर गेलात ते दिसू शकतं.

"आमचाच ओपन सोर्स, बाकी सगळे बंद डबे" हेही अर्धवट. ओपन सोर्स म्हणजे ज्याचा कोड कुणालाही बघता येतो असा. क्रोमच्या पोटातला क्रोमियम खुलाच आहे. खरा मुद्दा इंजिनाचा, म्हणजे साइटचं पान प्रत्यक्ष उभं करणाऱ्या भागाचा. ऑपेरानं २०१३ मध्ये स्वतःचं इंजिन सोडलं, मायक्रोसॉफ्टचा एज जानेवारी २०२० मध्ये क्रोमियमवर गेला, आणि आज ठळक वेगळी इंजिनं उरलीत ती क्रोमियमचं ब्लिंक, अ‍ॅपलचं वेबकिट आणि फायरफॉक्सचं गेको. सांगलीत एकाच अडत्याकडं सगळी हळद जायला लागली तर भाव कोण ठरवणार, असं मार्केट यार्डातल्या माणसाला विचारलं की त्याला पुढचं समजावावं लागत नाही. पण मग आयफोनवाल्याला "तूही घाल, गेको वाढेल" म्हणू नका. आपल्याकडच्या आयफोनवर फायरफॉक्सच्या आतही वेबकिटच असतं. अ‍ॅन्ड्रॉइडवर गेको आहे, आणि तिथं एक्स्टेंशन्सही चालतात. सांगायचं तर ते सांगा.

पैशाचा प्रश्न आला की भक्त विषय बदलतात. मोझिलाच्या उत्पन्नाचा मोठा भाग गूगलला शोधयंत्र म्हणून पहिली जागा देण्याच्या करारातून येतो. हे मान्य करायला लाजायचं कारण नाही, पण लपवलं की समोरचा आपलं बाकीचंही खोटं धरतो. तसंच मे २०१९ मध्ये एका प्रमाणपत्राची मुदत संपली आणि जगभरच्या लोकांची एक्स्टेंशन्स एका रात्रीत बंद पडली. फेब्रुवारी २०२५ मध्ये वापराच्या अटींची भाषा अशी उतरली की लोक खवळले आणि मोझिलाला ती बदलावी लागली. दोन्ही वेळा चूक त्यांची होती. मी दोन्ही वेळा त्यांची बाजू घेऊन भांडलो, का ते आता मलाही सांगता येत नाही.

जुन्या मशीनबद्दलही असंच. विंडोज ७, ८ आणि ८.१ साठी फायरफॉक्सची शेवटची शाखा ११५ ईएसआर (जास्त काळ दुरुस्त्या मिळणारी आवृत्ती). "फायरफॉक्स घाल, जुना कॉम्प्युटर नवा होईल" असं एका अडत दुकानात मी सांगून आलो होतो. तिथले शेठ आता दर महिन्याला विचारतात, "झाला का नवा?" शेवटी गेल्या महिन्यात त्यावर लिनक्स टाकून दिलं. फायरफॉक्स त्यात आधीच होता, पण त्याचं नावही काढलं नाही. मुनीमजींच्या शेजारी स्टुलावर दोन तास बसलो आणि त्यांनी हळदीच्या तीन हिशोबपट्ट्या छापून दाखवल्यावरच उठलो.