अवघ्या शाळेचे एक पुस्तक

एकाच पुस्तकाभोवती अख्खे गाव किंवा शहर गोळा करण्याचा प्रयोग 1998 साली अमेरिकेतील सिएटलच्या सार्वजनिक ग्रंथालयाने केला आणि नंतर तो अनेक देशांतील शाळांनी उचलला. आपल्याकडे सप्ताहातील पारायणे, पोथी लावणे आणि पारावरचे वाचन या गोष्टी पिढ्यान् पिढ्या चालत आल्या असल्यामुळे ही कल्पना परकी वाटण्याचे काही कारण नाही. मात्र शाळेत हा उपक्रम 15 ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनापुरता उरकला जातो, म्हणजे मुले मैदानात ओळीने बसतात, हातात पुस्तके धरतात आणि छायाचित्र निघाले की दप्तरे उचलतात. हे टाळून सात-आठ आठवड्यांचे खरे सामूहिक वाचन कसे उभे करावे, हे पुढे सांगितले आहे.

पुस्तक निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात: त्याचे छोटे, स्वतंत्र भाग पडतात का, ते पहिलीपासून दहावीपर्यंत कोणत्या ना कोणत्या रूपात पोहोचवता येते का, आणि त्यात वाद घालण्याजोगे काही आहे का. या तिन्ही कसोट्यांवर साने गुरुजींचे ‘श्यामची आई’ उतरते. छापील पुस्तकात 42 रात्री (प्रकरणांना तिथे ‘रात्र’ म्हटले आहे) आहेत, म्हणजे आठवड्याचे सहा दिवस रोज एक रात्र वाचली तर सात आठवड्यांत ते संपते. लेखकाचे निधन 1950 साली झाल्याने त्याचा स्वामित्व हक्क 2010 अखेर संपला आहे, त्यामुळे काही भागांच्या झेरॉक्स प्रती काढण्यात कायद्याची अडचण येत नाही. हिंदीसह अनेक भारतीय भाषांत त्याचे अनुवाद झालेले असल्यामुळे मराठी घरी न बोलणाऱ्या पालकांनाही त्यात ओढता येते. भारतीय भाषांनी एकमेकींना ओळखावे म्हणून ज्यांनी ‘आंतरभारती’चे स्वप्न पाहिले, त्यांचेच पुस्तक यासाठी हाती यावे, हे मला फार उचित वाटते.

वेळापत्रक आखण्यापूर्वी गावातील मुले कधी गावात असतात, हे पाहावे. ऊसतोड कामगारांच्या तालुक्यांत दिवाळीच्या सुमारास पटावरची बरीच मुले आईवडिलांबरोबर कारखान्यांकडे निघून जातात, तेव्हा नोव्हेंबरात सुरू केलेला ‘सगळ्या शाळेचा’ उपक्रम त्यांना वगळूनच चालतो. म्हणून जुलैच्या पहिल्या आठवड्यात आरंभ करून गणपतीच्या आगेमागे वाचन पूर्ण करावे. परिपाठानंतरची पंचवीस मिनिटे रोज यासाठी राखावीत आणि ती कोणत्या विषयाच्या तासिकेतून जाणार, हे शिक्षकांच्या बैठकीत आधीच ठरवून लेखी नोंदवावे, कारण पहिल्या चाचणीची तारीख जाहीर झाली की ही मिनिटे सर्वांत आधी कापली जातात. शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेतही विषय मांडावा. ‘अभ्यास बुडतो’ ही तक्रार तिथेच ऐकून घेतलेली बरी.

पाचवीपासून पुढच्या वर्गांनी सगळ्या रात्री वाचाव्यात आणि पहिली ते चौथीसाठी दहा-बारा निवडून त्या वाचण्याऐवजी सांगाव्यात. वाचन मोठ्याने व्हावे आणि वाचणारा बदलत राहावा. ज्या मुलाची पाळी आहे त्याला आदल्या दिवशी पान द्यावे, म्हणजे अडखळत वाचणारे मूलही घरी दोनदा वाचून येते आणि वर्गापुढे त्याची फजिती होत नाही. मुख्याध्यापक, शिपाईमामा आणि पोषण आहार शिजवणाऱ्या ताई यांनीही एकेक रात्र वाचावी. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी आपल्या लहानपणची आठवण सांगावी. आमच्याकडे ‘पत्रावळ’ वाचली त्या आठवड्यात एका मुलीची आजी पळसाची पाने घेऊन आली. पान हातावर सपाट करून, देठ आत दुमडून, काडी कुठे टोचायची आणि कुठे मोडायची हे ती न बोलता दाखवत होती. सातवीची मुले पहिल्या प्रयत्नात नुसत्या भोकांच्या पत्रावळी लावत होती आणि त्यातून डाळ कशी गळेल यावर वर्गात बराच वेळ हशा पिकला. त्या एका तासात श्यामची खटपट मुलांना जितकी कळली, तितकी माझ्या प्रश्नावलीने कळली नसती.

सांस्कृतिक समज वाढवायची म्हणजे पोशाख स्पर्धा घ्यायची नव्हे. हे पुस्तक कोकणातल्या एका ब्राह्मण घरातले आहे, हे मुलांना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावे आणि ‘तुमच्या घरी हे कसे असते’ हा प्रश्न रोज विचारावा. भिंतीवर एक मोठा कागद लावून त्यावर घरोघरची भाषा उतरवावी: आईला कोणी माय म्हणते, कोणी याडी, कोणी अम्मी, कोणी आवय, कोणी अव्वा. ‘याडी’ हा शब्द पहिल्यांदा उच्चारला गेला तेव्हा मागच्या बाकावर खसखस पिकली. अशा वेळी दरडावण्यापेक्षा त्या मुलीकडून आणखी दहा गोरमाटी (बंजारा बोलीतले) शब्द मागून घेतले आणि हसणाऱ्यांना ते फळ्यावर लिहायला लावले, तर शुद्धलेखन सुधारता सुधारता हसू आपोआप विरते.

पुस्तकातील अवघड भाग गाळू नये. ‘देवाला सारी प्रिय’ या रात्री अस्पृश्य मानल्या गेलेल्या एका वृद्ध बाईच्या डोक्यावर मोळी चढवून देण्यास आई श्यामला सांगते, आणि परत आल्यावर आंघोळ कर असेही सांगते. ही दोन्ही वाक्ये एकत्र वाचून घ्यावीत. आईची करुणा आणि तिच्या काळाची मर्यादा एकाच दारात उभी आहेत, आणि आठवी-नववीची मुले हे नेमके ओळखतात. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून याच लेखकाने 1947 साली उपोषण केले, हे त्या दिवशी सांगितले की चर्चा पुढे सरकते. मात्र वर्गातील एखाद्या दलित मुलाकडे वळून ‘तुला काय वाटते’ असे विचारू नये. आपल्या समाजाचा प्रवक्ता होण्याचे ओझे त्याच्यावर लादण्याचा आपल्याला अधिकार नाही. तशीच काळजी ‘आईला पत्र लिहा’ या ठरलेल्या उपक्रमाबाबत घ्यावी. प्रत्येक शाळेत आई नसलेली किंवा आईपासून दूर राहणारी मुले असतात. ‘ज्यांनी तुम्हाला वाढवले त्यांना’ असा बदल केला तरी पत्राचा जिव्हाळा कमी होत नाही.

सेवेच्या भागात आम्ही पहिल्या वर्षी सपशेल चुकलो. पुस्तक संपल्याच्या आनंदात मुलांना घेऊन एका वृद्धाश्रमात गेलो, वीस डझन केळी नेली, गाणी म्हटली आणि परतलो. तिथल्या निम्म्याहून अधिक लोकांना मधुमेह होता आणि ती केळी शेवटी गाईंना गेली, हे मागाहून कळले. तेव्हापासून क्रम उलटा ठेवला आहे. वाचन अर्ध्यावर आले की मोठ्या मुलांचे चार-चारांचे गट करून त्यांना आपल्याच वस्तीत पाठवावे आणि ‘तुम्हाला कोणते काम एकट्याने जड जाते’ एवढेच विचारायला सांगावे. उत्तरे अनपेक्षित येतात. आमच्या गावातल्या एका आजोबांना मुलांचे फोन नंबर पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून हवे होते, एका आजीला बँकेच्या पासबुकातली शेवटची ओळ दर महिन्याला वाचून दाखवणारे कोणीतरी हवे होते, आणि हापशावरून पाणी भरणाऱ्या एका बाईंना घागर डोक्यावर चढवायला हात हवा होता. हे तिसरे काम ऐकून मुलांना मोळीची रात्र आठवली. मी काही सुचवले नव्हते.

कामे छोटी, परत परत करता येण्याजोगी आणि मुलांच्या वयाला पेलणारी असावीत. प्रत्येक गटाला एकच घर द्यावे, पालकांची लेखी संमती घ्यावी, गटासोबत एक मोठा माणूस असावा आणि शाळेतल्या ‘आनंददायी शनिवार’ या उपक्रमाचा वेळ यासाठी ठरवावा. पासबुक वाचायचे असेल तर त्या घरातील माणूस समोर असावा आणि आकडा बाहेर बोलायचा नाही, हे मुलांना बजावून सांगावे. छायाचित्रे न काढण्याचा नियम केला तर अहवालात रिकामी जागा राहते खरी, पण केंद्रप्रमुखांना गटांच्या नोंदवह्या दाखवता येतात.

नोंदवहीत प्रत्येक भेटीची तारीख, केलेले काम आणि त्या घरात शिकलेला एक नवा शब्द, एवढ्या तीन रकान्यांपेक्षा अधिक काही ठेवू नये. वर्ष संपताना दहावीच्या गटाने आपली वही आणि आपले घर नववीच्या गटाकडे सोपवावे, त्यासाठी एकदा सोबत जाऊन ओळख करून द्यावी, आणि पुढच्या वर्षीच्या पुस्तकासाठी त्या घरातील माणसांनाही एक नाव सुचवायला सांगावे.