चाड सरोवराकाठचं संकट: मुळापर्यंत कसं पोचायचं

मदतकार्याचे प्रस्ताव तपासणं हे माझं काम. नायजर, नायजेरिया, चाड आणि कॅमेरून या चार देशांत पसरलेल्या चाड सरोवराकाठच्या भागातून आलेल्या प्रस्तावात ‘मूळ कारण’ म्हणून हमखास दोन गोष्टी लिहिलेल्या असतात: दुष्काळ आणि बोको हराम ही सशस्त्र बंडखोर संघटना. दोन्ही खऱ्या आहेत. पण तिथेच थांबू नका. पोट भरण्याच्या आड कोणता नियम येतोय, ते आधी शोधा.

नायजरच्या दिफा भागात २०१५ साली आणीबाणी लागली. बंडखोरांना पैसा मिळू नये म्हणून मासे आणि लाल मिरचीच्या व्यापारावर निर्बंध आले, मोटारसायकली बंद झाल्या. कोळी, मिरचीवाला, माल पोचवणारा पोरगा, सगळ्यांचीच कमाई एकदम गेली. अशा घरात धान्याचं पोतं पोचवलंत, तरी ते संपल्यावर माणूस पुन्हा रांगेत येणारच. म्हणून पहिल्याच भेटीत विचारा: काय बंद आहे, कधीपासून, परवानगी कोणाच्या हातात? मासे सुकवून विकणाऱ्या बायका आणि गुरं घेऊन फिरणारे फुलानी यांच्याशी वेगळं बसा. गावच्या मुखियासमोर ते मोकळं बोलणार नाहीत.

पाण्याचं काम करायचं असेल, तर विहीर कोणाची आणि गुरांना कोणत्या वाटेने आणायचं, हे खोदण्याआधी ठरवा. नव्या पाणवठ्यावर कळप लोटतात, आसपासचं गवत संपतं, मग शेतकरी आणि गुराखी भिडतात. नायजरमध्ये १९९३ पासून ग्रामीण संहिता, म्हणजे जमीन-पाण्याच्या हक्कांचा कायदा आहे, जमीन-समित्या आहेत; करार त्यांच्यासमोर कागदावर आणा.

नियम बदलला की काय होतं, हे नायजरच्याच मराडी आणि झिंदर भागांत दिसतं. तिथे झाड सरकारी मालकीचं मानलं जाई, तोडलं तर दंड. मग शेतकरी ते वाढू तरी कशाला देईल? १९८० च्या दशकात वनखात्याने हात सैल सोडला, शेतातलं झाड आपलं म्हणता येऊ लागलं, आणि पुढच्या दोन-तीन दशकांत सुमारे ५० लाख हेक्टरवर झाडं उभी राहिली. रोपवाटिका लागली नाही. जमिनीखाली मुळं जिवंत होतीच. खुंटावर फुटलेल्या धुमाऱ्यांतले तीन-चार सरळ, जोमदार ठेवायचे, बाकीचे छाटायचे, खालच्या फांद्या उतरवायच्या. छाटलेलं जळणाला, पाला वैरणीला. गाओ नावाचं झाड तर पावसाळ्यात पानं गाळतं, त्यामुळे बाजरीवर सावली पडत नाही. म्हणून रोपांसाठी पैसे मागणारा प्रस्ताव आला की मी आधी विचारते, झाडावर हक्क कोणाचा? तुम्हीही विचारा.

नियम बदलण्याच्या या कामाला वर्षं लागतात. एका वर्षाच्या निधीत ते बसवू नका. आणि तोवर धान्यवाटप आखडू नका, विशेषतः जून ते सप्टेंबर. तेव्हा कणग्या रिकाम्या असतात आणि नवं पीक अजून शेतात असतं.