लहान जागेत घोडे ठेवताय? जागेची आखणी करताना या चुका टाळा

दोन-तीन एकर जागा आणि दोन-तीन घोडे असा प्लॅन ठरला की बहुतेक जण सगळ्यात आधी तबेल्याचे फोटो बघायला लागतात, दारं कशी, छप्पर कसं, ठाणं (एकेका घोड्याच्या खोल्या) किती, आणि ते ठरलं की जिथे मोकळं आणि सपाट दिसतं तिथे तबेला उभा करून टाकतात. उरलेल्या जागेत कुंपण, त्यातून उरलेल्यात चारा, आणि लीद कुठे टाकायची ते तर पहिला घोडा आल्यावर ठरतं. हा क्रमच उलटा आहे असं माझं ठाम मत आहे. ठाणाचं दार सरकतं आहे की उघडतं हे नंतर बदलता येतं, पण तबेला चुकीच्या जागी बसला तर तो उचलून हलवता येत नाही आणि त्याचा त्रास रोज होतो, तुम्हालाही आणि त्याहून जास्त घोड्याला.

पाणी कुठून येतं कुठे जातं ते न बघता बांधणं

सगळ्यात महाग चूक हीच. कोरड्या दिवसात जागा बघितली तर सगळीच चांगली दिसते. मोठा पाऊस पडत असताना छत्री घेऊन जागेवर फिरा, पाणी कुठून आत शिरतं, कुठे साचतं, दुसऱ्या दिवशीही कुठे पाय रुततो ते सगळं कागदावर मांडा. सखल सपाट जागा बांधायला सोपी वाटते पण पाणीही तिलाच शोधत येतं. तबेला उंचवट्यावर, हलका उतार असलेल्या जागी हवा आणि त्याचा चौथरा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा निदान फूटभर वर हवा. वरच्या अंगाने पाणी येत असेल तर तबेल्याच्या मागे चर काढून ते बाजूने वळवून द्या.

छपराचं पाणी लोक हिशोबातच धरत नाहीत. १०० चौरस मीटर छपरावर ५० मिलिमीटर पाऊस पडला की ५००० लिटर पाणी होतं, आणि पन्हाळ नसेल तर ते सगळं पागोळ्यांनी नेमकं दारासमोर पडतं, जिथे घोडे तासन्‌तास उभे असतात. त्यात लीद आणि मूत मिसळलं, वर टापांनी तुडवलं गेलं की असा चिखल होतो जो वाळतच नाही. मग खुराच्या तळव्याला सड लागते, घोट्यामागची कातडी फुटते, नाल निघतात. लोक औषधं बदलत बसतात आणि दुखणं मात्र छपरावरून पडत असतं. पन्हाळ लावा, पाइप लावा आणि ते पाणी पॅडॉकच्या, म्हणजे घोडे मोकळे सोडायच्या कुंपणाच्या आवाराच्या, बाहेर उताराला सोडा.

आधीच चिखल झालेला असेल तर त्यावर थेट खडी ओतू नका. ती महिन्या-दोन महिन्यांत आत जाते आणि पैसे पण तिच्याबरोबर जातात. वरचा लीदमातीचा मऊ थर पूर्ण खरवडून काढा, खाली घट्ट जमीन लागली की जिओटेक्स्टाइल कापड (पाणी जाऊ देणारं पण खडी मातीत रुतू न देणारं) अंथरा, वर ४ ते ६ इंच खडी आणि सगळ्यात वर बारीक कच, नीट दाबून. हे सगळं जागेभर करायची गरज नाही, गेटपाशी, पाण्याच्या हौदापाशी आणि तबेल्याच्या दारात केलं तरी खूप फरक पडतो. नुसती वाळू टाकणार असाल तर एक लक्षात ठेवा, वाळूवर जमिनीवरच चारा टाकला तर चाऱ्याबरोबर वाळू पोटात जाते आणि त्याने जीवघेणा पोटशूळ होऊ शकतो, म्हणून तिथे गव्हाण किंवा खाली रबरी मॅट हवीच.

सगळी जागा एकच कुरण करणं

बघायला छान दिसतं, मोकळं हिरवं कुरण आणि त्यात घोडे. पण घोडा गवत अगदी मुळापर्यंत कुरतडतो, आवडीच्या जागी परत परत चरतो आणि लीद दुसरीकडे टाकतो, म्हणजे अर्धं कुरण टक्कल आणि अर्धं माजलेलं. एक कोरडं पॅडॉक वेगळं काढा, तबेल्याला लागून, जिथे गवत उगवायची अपेक्षाच नाही. जमीन ओली असेल, गवत लहान असेल तेव्हा घोडे तिथे राहतील. बाकीच्या जागेचे तीन-चार तुकडे करा, गवत ३ इंचांवर आलं की घोडे बाहेर, परत ६ ते ८ इंच झालं की आत. सुरुवातीला आतलं कुंपण कायमचं घालू नका, इलेक्ट्रिक टेपचं (वीज सोडलेल्या पट्टीचं) हलतं कुंपण घालून एक वर्ष बघा मग ठरवा.

आणि घोडे चरूनच राहतील या भरवशावर राहू नका. ५०० किलोच्या घोड्याला वजनाच्या दीड ते दोन टक्के म्हणजे दिवसाला साधारण साडेसात ते दहा किलो सुका चारा लागतो. एका घोड्यामागे एखादाच एकर असेल तर ती जागा फिरायला पाय मोकळे करायला आहे, पोट भरायला नाही. म्हणून चारा साठवायची जागा प्लॅनमध्ये पहिल्यापासून मोठी धरा.

गेट आणि कोपरे

कळपात एक दादा असतो आणि एक मार खाणारा असतो, हे मनात ठेवून कुंपण आखलं तर निम्मे अपघात टळतात. निमुळता कोपरा म्हणजे सापळा, दबलेला घोडा तिथे अडकला की तो एकतर लाथा खातो नाहीतर कुंपणावरून उडी मारतो. कोपरे गोल करा, जमत नसेल तर आडव्या फळ्या मारून कोपरा बंद करून टाका. दोन पॅडॉकच्या मधला चिंचोळा भाग पण तसाच वाईट. गव्हाणी लांब लांब ठेवा आणि घोड्यांपेक्षा एक जास्त ठेवा, म्हणजे हाकललेल्याला जायला जागा असते.

गेट कोपऱ्यात आणि सखल जागी नको. चाऱ्याच्या वेळी सगळे घोडे गेटपाशीच गोळा होतात, तुम्ही एकाला दोर लावून बाहेर काढताय आणि मागून तिघं ढकलताहेत ही वेळ रोज येते, म्हणून गेट सरळ कुंपणाच्या मध्ये, तबेल्याच्या दिशेने, आणि आतल्या बाजूला उघडणारं. एक तरी गेट १२ ते १६ फुटांचं ठेवा नाहीतर ट्रॅक्टर आत जाणार नाही. हौद गेटपासून लांब हवा, दोन पॅडॉकच्या मधल्या कुंपणात बसवला तर एका नळात दोन्हीकडचं काम होतं. एक घोडा दिवसाला २० ते ४५ लिटर पाणी पितो, उन्हात काम केलं तर आणखी, तेव्हा बादल्या वाहायच्या या विचाराने प्लॅन करू नका.

कुंपणाचं थोडक्यात, काटेरी तार घोड्याला कधीच नाही. घोडा घाबरला की आधी पळतो मग बघतो, बारीक तार त्याला दिसत नाही आणि काटेरी तारेत पाय अडकला की तो ओढून ओढून हाडापर्यंत कापून घेतो. साडेचार-पाच फूट उंच, लांबून ठळक दिसणारं, जाळी असेल तर खूर आत जाणार नाही इतकी बारीक. फळ्या खांबांच्या आतल्या बाजूला ठोका, घोडा टेकला की बाहेरून ठोकलेली फळी निखळते. आणि पॅडॉकच्या बाहेर पूर्ण जागेला एक दुसरं कुंपण हवंच, म्हणजे रात्री घोडा सुटला तरी तो तुमच्याच जागेत राहतो, रस्त्यावर जात नाही.

लीद "बघू नंतर"

एक मोठा घोडा दिवसाला साधारण २० किलो लीद-मूत टाकतो, तीन घोडे धरले तर वर्षाला २० टनांच्या वर, त्यात भुशाचं अंथरूण वेगळं. हा डोंगर कुठे जाणार? विहीर किंवा बोअरपासून निदान १०० फूट लांब, ओढ्या-नाल्यापासून लांब, वारा जिथून येतो त्याच्या उलट बाजूला. पण इतकीही लांब नको की थंडीपावसात हातगाडी ढकलायचा कंटाळा येईल, कारण मग लीद तबेल्यामागेच साचते आणि माश्या होतात. भरलेली गाडी चढावर जाणार नाही असा रस्ता ठेवा, खाली पक्की फरशी, वर झाकण, आणि दोन-तीन कप्पे म्हणजे एक भरताना दुसरा कुजतो. ट्रॅक्टर मागे लागेल एवढी जागा समोर मोकळी सोडा.

चारा घोड्यांच्या डोक्यावर

माळ्यावर गवत आणि खाली घोडे, जागा वाचते म्हणून खूप ठिकाणी हे करतात. मला हे बघूनच धडकी भरते. गवत नीट न वाळता, २० टक्क्यांच्या वर ओल असताना गठ्ठे बांधले तर ते आतून तापतात, पहिले काही आठवडे जास्त धोक्याचे, आतलं तापमान ६५ अंशांवर गेलं तर सारखं लक्ष ठेवायला लागतं आणि ८० च्या आसपास गेलं तर गठ्ठे हलवायच्या आधी अग्निशमनला बोलवायचं, कारण हवा लागली की भडका उडू शकतो. शिवाय धूळ सतत खाली घोड्यांच्या नाकात. चाऱ्याची शेड वेगळी बांधा, ५० ते १०० फूट लांब, तबेल्यात फक्त दोन-तीन दिवसांचा साठा. वायरिंग सगळं पाइपमधून, बल्बला जाळी, स्विच घोड्याच्या तोंडाच्या टप्प्याबाहेर.

बंद तबेला, एकटा घोडा

ऊब म्हणून सगळ्या बाजू बंद करणं ही माणसाची सवय, घोड्याला मोकळी हवा हवी. तपासायचं असेल तर सकाळी सफाईच्या आधी ठाणात जाऊन गुडघ्यावर बसा, मुताच्या वाफेने तुमचे डोळे चुरचुरले तर तिथे झोपणारं शिंगरू रात्रभर तीच हवा घेत होतं. वरच्या आढ्याला फट ठेवा, वारा आरपार जाईल अशा खिडक्या ठेवा. ठाण १२ बाय १२ फूट, मधली वाट पण १२. भिंतींमधून शेजारचा घोडा दिसायला हवा, एकटा पडलेला घोडा डुलत राहतो, ठाणात फेऱ्या मारतो, खाणं सोडतो. नवीन घोड्यासाठी मात्र एक वेगळं ठाण आणि छोटं पॅडॉक लांब ठेवा, दोन-तीन आठवडे तो तिथेच राहू दे, त्याच्या बादल्या पण वेगळ्या.

शोभेसाठी कण्हेर लावलेली असेल तर आजच उपटा, थोडी पानंसुद्धा घोड्याला मारतात, आणि छाटलेल्या सुकलेल्या फांद्याही तितक्याच विषारी.

ट्रेलर वळायला जागा न सोडणं हे पण नेहमीचं. रात्री पोटशूळ झालेला घोडा चढवायचा आहे आणि ट्रेलर अंधारात रिव्हर्स घ्यायला लागतोय अशी वेळ येऊ देऊ नका, गाडी आत येऊन गोल फिरून बाहेर जाईल असा रस्ता ठेवा आणि तबेल्याजवळ एक पक्की, सपाट, उजेडाची जागा डॉक्टर आणि नालबंदासाठी. घोड्यावर बसून सराव करायला रिंगण करणार असाल तर २० बाय ४० मीटर पुरतं, लांबी उत्तर-दक्षिण ठेवा म्हणजे सकाळ-संध्याकाळचा सूर्य समोरून डोळ्यात येत नाही.

कागदावर सगळं बसलं की लगेच ठेकेदाराला बोलवू नका. जागेवर खुंट्या आणि दोरी लावून तबेला, चाऱ्याची शेड, लीद, हौद, गेट सगळं आखा आणि खरंच हातगाडी घेऊन एक दिवसाचं काम चालून बघा, चारा टाका, पाणी द्या, लीद काढा, घोडा आत-बाहेर करा. कुठे उगाच दोनदा जायला लागतं, कुठे तीन गेट उघडायला लागतात ते लगेच कळतं आणि खुंटी हलवायला खर्च नाही. मग आधी रस्ता आणि पाण्याचा निचरा, नंतर बाहेरचं कुंपण, पाण्याची लाइन, आणि तबेला त्यानंतर. रस्त्यावर खडी पडायच्या आधी खालून एक-दोन रिकामे पाइप आडवे टाकून ठेवा, पुढे वायर किंवा नळ न्यायचा झाला तर खोदायला लागणार नाही, आणि चर बुजवायच्या आधी प्रत्येक पाइपचा मोजायची टेप लावून फोटो काढून ठेवा.