इंग्लिश बिटर: चव कशी घ्यावी आणि गुण कसे द्यावेत

बिटर ही इंग्लंडची जुनी, रोजच्या पिण्यातली एल, म्हणजे बीअरचा एक प्रकार, आहे. आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या लागर या बीअरपेक्षा ती वेगळ्या यीस्टने आणि अधिक उबदार तापमानाला आंबवली जाते. इंग्लंडमधल्या पबात ती तळघरातल्या पिंपातून, हातपंपाने ओढून ग्लासात येते. बेळगाव, निपाणी किंवा खानापुरात मात्र तिची बाटली हाती पडलीच, तर बहुधा परदेशाहून आलेल्या नातलगाच्या सामानातून किंवा मोठ्या शहरातल्या एखाद्या दुकानातून. एवढा प्रवास करून आलेल्या बीअरला गुण देताना एक प्रश्न सतत जागा ठेवावा लागतो: जे बरे-वाईट लागते आहे ते बनवणाऱ्याच्या हातचे आहे, की वाटेतल्या उन्हाने आणि साठवणीने केलेले? या दोन गोष्टी वेगळ्या नोंदवता आल्या, तरच त्या गुणांना अर्थ राहतो.

चाखण्यापूर्वी बाटलीवरचे अल्कोहोलचे प्रमाण पाहावे, कारण बिटरचे तीन दर्जे त्यावरून ओळखता येतात. स्पर्धांचे परीक्षक ज्या ‘बीअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅम’च्या मार्गदर्शिका वापरतात, त्यांत ऑर्डिनरी बिटर ३.२ ते ३.८ टक्के, बेस्ट बिटर ३.८ ते ४.६ टक्के आणि स्ट्राँग बिटर ४.६ ते ६.२ टक्के अशी विभागणी आहे. ऑर्डिनरी बिटर हलकीच असायला हवी. आपल्या बाजारातल्या स्ट्राँग लागरची सवय झालेल्या जिभेला ती पातळ वाटेल, पण त्यासाठी तिचे गुण कापणे अन्यायाचे ठरेल.

तापमान हा सगळ्यांत महत्त्वाचा भाग आहे आणि आपल्याकडे नेमकी तिथेच घाई होते. पिंपातली बिटर साधारण ११ ते १३ अंश सेल्सिअसला देतात. फ्रिजमधून थेट ग्लासात ओतलेली बिटर चार-पाच अंशांवर असते. त्या थंडीत तिचा वास दबून राहतो आणि माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या बार्लीचा) गोडवा मागे पडून उरतो तो नुसता कडवटपणा. म्हणून बाटली अर्धा ते पाऊण तास आधी बाहेर काढावी, मे महिन्यात त्याहून कमी वेळ पुरतो, आणि स्वयंपाकघरातला थर्मामीटर असेल तर ओतल्यावर एकदा तपासून घ्यावे. डिसेंबर-जानेवारीत बेळगावची रात्र पुरेशी गार असते. तेव्हा फ्रिजची गरज नाममात्रच उरते.

ग्लास काचेचा, साधा आणि पूर्ण स्वच्छ हवा. भांड्यांच्या साबणाचा किंवा तेलकटपणाचा अंश राहिला तर फेस लगेच बसतो आणि दोष बीअरच्या माथी जातो; म्हणून ग्लास गरम पाण्याने विसळून, पुसण्याऐवजी उपडा ठेवून वाळवावा. खोलीत उदबत्ती, परफ्यूम किंवा फोडणीचा वास नसावा. त्या दिवशी आधी ठेचा, संकेश्वरी मिरचीचे काही झणझणीत, पान किंवा तंबाखू घेतली असेल तर चाखण्याचा बेत पुढे ढकलावा. दोन घोटांच्या मध्ये जीभ कोरी करण्यासाठी साधे पाणी आणि बिनमिठाची ज्वारीची भाकरी उत्तम. खारे शेंगदाणे समोर ठेवूच नयेत.

बाटलीच्या तळाशी यीस्टचा गाळ असेल तर ती एका हाताने, न थांबता, सावकाश ओतून शेवटचा घोट बाटलीतच ठेवावा. ग्लास एक तृतीयांश भरावा. रंग फिकट अंबरपासून तांबूसपर्यंत काहीही चालतो आणि फेस पातळ असला तरी तो दोष नाही, कारण बिटरमध्ये वायू मुळातच कमी असतो.

वासासाठी ग्लासावर तळहात ठेवून तो हलकेच फिरवावा, हात काढावा आणि दोन-तीन आखूड श्वास घ्यावेत. पहिल्याच श्वासात जे आठवेल ते लगेच लिहावे, कारण नाक फार लवकर सरावते. मॅरिस ऑटरसारख्या इंग्लिश बार्लीच्या माल्टचा भाजलेल्या बिस्किटासारखा वास, क्रिस्टल माल्टची (दाण्यातली साखर भाजून तांबूस केलेल्या माल्टची) कॅरॅमलकडे झुकणारी छटा, यीस्टमुळे आलेला फळांचा हलका सुगंध, आणि ईस्ट केंट गोल्डिंग्ज किंवा फगल या हॉप्सचा (बीअरला कडवटपणा आणि सुगंध देणाऱ्या वेलीच्या फुलांचा) मातकट, फुलांचा, किंचित मसालेदार दरवळ यांचा शोध घ्यावा. इंग्रजी चाखणीत संत्र्याच्या मार्मालेडचा उल्लेख वारंवार येतो. कॅरॅमलची छटा ओळखायला आपल्याला लांब जावे लागत नाही. दूध आटवून तांबूस केलेल्या बेळगावी कुंद्याचा वास ज्याच्या नाकात बसला आहे, त्याला क्रिस्टल माल्ट पटकन सापडतो.

पहिला घोट फक्त तोंड ओळख करून घेण्यासाठी असतो, त्यावर मत बनवू नये. दुसरा घोट जिभेवर सगळीकडे फिरवावा. कडू चव जिभेच्या मागच्या भागातच कळते हा समज चुकीचा आहे. मग तो गिळावा. वाइनसारखे थुंकून बिटर तपासता येत नाही, कारण तिचा कडवटपणा गिळल्यानंतर उमलतो आणि त्याचा शेवट कसा होतो यावरच बरेचसे गुण ठरतात. चांगल्या बिटरचा शेवट कोरडा आणि स्वच्छ असतो, पुढचा घोट घ्यावासा वाटतो. वाईट बिटरचा कडवटपणा घशाशी चिकटून राहतो. बीअरसाठी प्रसिद्ध असलेल्या बर्टन-अपॉन-ट्रेंट या इंग्लिश गावाच्या पाण्यात जिप्सममुळे सल्फेट भरपूर आहे आणि त्यानेच तिथल्या एलचा कडवटपणा धारदार लागतो, कधी गंधकाची किंचित झाकही येते. तिथल्या शैलीच्या बीअरमध्ये ती झाक अपेक्षितच असते. तिसरा घोट ग्लास १५-१६ अंशांवर आल्यावर घ्यावा, कारण लपलेले दोष तेव्हा उघडे पडतात.

दोषांपैकी आपल्या भागात सर्वाधिक भेटतो तो ओलसर पुठ्ठ्याचा वास. जुनी किंवा उष्णतेत राहिलेली बाटली ऑक्सिजनमुळे अशी शिळी होते, आणि कधी त्यासोबत टॉफीसारखा गोडवा येतो जो नवख्याला आवडूनही जातो. पारदर्शक किंवा हिरव्या बाटलीवर ऊन पडले असेल तर हॉप्समधून एक उग्र, कुबट दर्प तयार होतो. हे दोन्ही दोष बहुतेक वेळा प्रवासाचे. लोण्याचा ठळक वास, हिरव्या सफरचंदाचा वास किंवा उकडलेल्या मक्याचा वास मात्र बहुतेकदा बनवण्यातलाच दोष सांगतात. इंग्लिश यीस्टमुळे लोण्याची अगदी पुसट छटा आली तर ती खपवून घेतली जाते.

गुण ५० पैकी द्यावेत: वास १२, रूप ३, चव २०, तोंडातला पोत ५ आणि एकूण ठसा १०. उदाहरणादाखल ४.२ टक्क्यांच्या एका बेस्ट बिटरची नोंद अशी दिसेल: बिस्किट आणि मार्मालेडचा वास स्पष्ट, पण तळाशी पुठ्ठ्याची झाक, म्हणून ८; तांबूस आणि नितळ, ३; माल्ट आणि कडवटपणा समतोल, शेवट थोडा लवकर विझतो, १४; अंगाने मध्यम, वायू जरा जास्त, ३; एकूण ठसा ७. बेरीज ३५ होते आणि परीक्षकांच्या मोजपट्टीवर ३० ते ३७ म्हणजे ‘खूप चांगली’. या बेरजेखाली एक ओळ हवीच: ‘पुठ्ठ्याची झाक साठवणीची असावी, ताजी बाटली मिळाल्यास पुन्हा पाहावे.’ अस्सल एलसाठी झटणाऱ्या ‘कॅम्रा’ या १९७१ साली स्थापन झालेल्या ब्रिटिश ग्राहकसंस्थेची ० ते ५ गुणांची वेगळी पद्धत आहे. ती पबने बीअर किती नीट राखली एवढेच मोजते, पाककृती नव्हे. आपणही हा दुसरा आकडा शेजारी लिहावा.

शक्य असेल तर तिघांनी मिळून, ग्लासांवर केवळ क्रमांक घालून, न बोलता चाखावे आणि कागद भरल्यावरच तोंड उघडावे. ओतणारा चौथा असावा. प्रत्येकाला १०० मिलिलिटर पुरते. शाकाहारी मंडळींनी आधी लेबल पाहावे, कारण पारंपरिक बिटर नितळ करण्यासाठी माशाच्या वाताशयापासून केलेले आयझिंग्लास वापरण्याची पद्धत आहे. बाटल्या गोव्यातून किंवा महाराष्ट्रातून आणायच्या असतील तर हद्द ओलांडण्यापूर्वी अबकारी खात्याचे नियम विचारून घ्यावेत, आणि चाखणी झाल्यावर गाडी दुसऱ्याने चालवावी. तिघांच्या बेरजेत सात-आठ गुणांहून अधिक अंतर पडले तर सरासरी काढू नये. राहिलेली बीअर पुन्हा ओतून, कोणाला काय लागले ते आता मोठ्याने सांगत, कागद नव्याने भरावेत.