जुन्या फोनवर लिनक्स टाकायचंय?

इंदूरला जेल रोडवर जुना मोबाइल घेऊन त्यावर पोस्टमार्केटओएस (फोनसाठीचं लिनक्स) किंवा लिनिएजओएस (अँड्रॉइडचीच मुक्त आवृत्ती) टाकायचा बेत असेल, तर नुसत्या नावावर जाऊ नका. रेडमी नोट ४ चंच बघा: एक मीडियाटेकच्या चिपचा, सांकेतिक नाव ‘निकेल’, दुसरा स्नॅपड्रॅगन ६२५ चिपचा, ‘मिडो’. एकाची फाइल दुसऱ्याला चालत नाही. दुकानातच फोन बंद करून पॉवर आणि आवाज कमी करायचं बटण एकदम दाबून धरा, फास्टबूट, म्हणजे लॅपटॉपवरून फोनला आज्ञा देता येणारा पडदा, उघडेल. लॅपटॉपला केबल जोडून ‘फास्टबूट गेटव्हार प्रॉडक्ट’ ही आज्ञा दिली की खरं नाव कळतं. (दुकानदार वैतागेल, वैतागू दे.) आधीच्या मालकाचं खातं निघालंय का तेही बघा, किमतीचं बोलणं नंतर. बूटलोडर (फोन सुरू होताना सिस्टिम चालू करणारा प्रोग्राम) अनलॉक करताना फोनमधलं सगळं पुसलं जातं.