वादळाचा उजवा हात

चक्रीवादळाच्या अंदाजाचं काम शिकायला आलेल्या प्रत्येकाची नजर आधी नकाशावरच्या मधल्या रेषेवर, म्हणजे वादळाच्या अंदाजित वाटेवर जाते. माझीही तिथेच जायची. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ आलं तेव्हा मी शिकत होते आणि मुंबईचं काय होणार, एवढंच बघत होते. दुपारी ते अलिबागच्या दक्षिणेला, श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यात धडकलं. मावशीचा फोन कितीतरी दिवसांनी लागला. “वाडीत एक पोफळ सरळ उभी नाही गं,” एवढंच ती बोलली.

तेव्हापासून मी नव्या मुलांना पहिल्याच दिवशी उभं करते. वादळ जिकडे चाललंय तिकडे तोंड करा. आपल्या गोलार्धात वादळाचा वारा घड्याळाच्या उलट फिरतो, त्यामुळे उजव्या हाताला त्या वाऱ्यात वादळाचा स्वतःचा वेगही मिळतो. ओडिशाकडे वायव्येला जाणाऱ्या वादळाचा उजवा हात उत्तरेकडे येतो, कोकणावर ईशान्येला येणाऱ्याचा दक्षिणेकडे. तिथे वारा समुद्रावरून येतो आणि पाणी आत लोटतो. बंगालच्या उपसागराची उदाहरणं पाठ करून आलेली मुलं इथे हमखास चुकतात.

मग भरती-ओहोटीचं कोष्टक उघडा. वादळानं फुगवलेलं पाणी ऐन भरतीला आलं तर खाडीचं तोंडच बंद होतं, आणि सह्याद्रीवरून उतरलेला पाऊस मागे गावात तुंबतो. वादळ रेंगाळलं की पाऊस वाढतो, म्हणून त्याच्या पुढे सरकण्याच्या वेगाची नोंद वाऱ्याच्या वेगाइतकीच जपून ठेवा. मे २०२१ मधलं ‘तौक्ते’ तर गुजरातेत जमिनीवर चढलं. मुंबईच्या नुसतं बाजूने गेलं, तरी कुलाबा आणि सांताक्रूझला २४ तासांत २०० मिलिमीटरच्या वर पाऊस झाला.

शिक्षणाचं म्हणाल तर भौतिकशास्त्र आणि गणित पक्कं हवं. पुण्यात विद्यापीठात वातावरणशास्त्राचं एम.एस्सी. करता येतं. उपग्रहाच्या चित्रातल्या ढगांच्या आकारावरून वादळाचा जोर ठरवायची ड्वोराक पद्धत मात्र हातानेच शिका. संगणक आकडा देतो, पण ढगांची गुंडाळी कुठे सैल पडली हे बघायची सवय डोळ्यांनाच लावावी लागते.

आणि इशारा लिहून झाला की खाडीकाठच्या कुणाला तरी फोनवर वाचून दाखवा. मी एका नाखव्यांना ‘ताशी ६२ ते ८८ किलोमीटर’ वाचून दाखवलं होतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “ताई, पाणी किती वाजता चढंल? होडी कुठवर ओढू?”